तीन खाचांची डबी

तुळशीराम,

तुझ्या शोकसभेत सहा भाषणं झाली. पहिल्या वक्त्याने तुला 'प्रकाशाचा पुजारी' म्हटलं. दुसऱ्यालाही नेमकं तेच म्हणायचं होतं, हे त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने उभ्या उभ्या दुरुस्ती करून तुला 'छायेचा उपासक' केलं. तिसऱ्याने तुझं भंडाऱ्याकडचं गाव उचलून चांद्याला नेऊन ठेवलं. उरलेले तिघे कारखान्याच्या प्रगतीविषयी बोलले. त्या ओघात तू वारल्याचा उल्लेख फक्त एकाने केला.

टेबलावर तुझा फोटो होता. अर्ध्या भिलाईची तोंडं तू कॅमेऱ्यात धरलीस, पण तुझा म्हणावा असा फोटो शोधायला गेलो तर एकच निघाला, तोही मी काढलेला. त्यात तुझा डावा कान चौकटीबाहेर राहिला आहे आणि मागची विजेची तार तुझ्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. "मास्तर, तुमी फोटो काढता का फाशी देता?" असं तू तेव्हा विचारलं होतंस. सभेत त्यावर झेंडूचा हार घातला आणि तार झाकली गेली. हाराचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, 'तुळशीराम' एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खरं म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती लोकांसाठी नव्हती. ती तुला सांगायची होती. दहा वर्षं सांगायची होती. पाहुण्यांच्या त्या दिवशी तुझी लाल फिल्टरची डबी कुठे गेली, हे तुला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आता तू मध्येच "थांबा मास्तर, उजेड चालला" म्हणून उठून जाऊ शकत नाहीस. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

आपली गाठ पडली ती ठेकेदाराच्या कचेरीत. कचेरी म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि भोवती नजर जाईल तिथवर खणलेला लाल मुरूम. पोलादाचा कारखाना तेव्हा कागदावर जास्त आणि जमिनीवर कमी होता. ठेकेदाराला दर आठवड्याला वर अहवाल पाठवावा लागे आणि अहवालाला फोटो लागत. फोटो तू काढायचास, फोटोखालची ओळ मी लिहायचो. त्याआधी मी दुर्गला आठ महिने शाळेत शिकवलं होतं. तेवढ्या भांडवलावर तू मला मास्तर केलंस आणि मी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठा असूनही शेवटपर्यंत 'तुमी' म्हणत राहिलास. माझ्याकडे तीन ओळी होत्या. 'काम वेगाने प्रगतिपथावर', 'काम प्रगतिपथावर वेगाने', आणि पावसाळ्यात नुसतंच 'काम प्रगतिपथावर'. तू कितीही निराळा खड्डा आणलास तरी तिन्हींपैकी एक ओळ त्याला बसायचीच.

कॅमेऱ्याच्या भिंगावर लावायचे ते फिल्टर तुला एका रशियन अभियंत्याने मायदेशी परतताना दिले. त्याचं नाव आपल्या दोघांच्याही जिभेला जमत नसे, म्हणून तू त्याला गोविंदभाऊ म्हणायचास, आणि तोही मुकाट्याने ओ द्यायचा. पितळी कड्यांत बसवलेल्या चार गोल काचा होत्या, एक पिवळी, एक नारिंगी, एक लाल, एक हिरवी. त्या तळहातावर घेऊन तू जसा उभा होतास तसा तुझी मुलगी जन्मली तेव्हाही उभा नव्हतास. हे माझं मत नाही, अनसूयावहिनींचं आहे, आणि ते त्यांनी तुला पुष्कळदा ऐकवलं.

काळ्या-पांढऱ्या फोटोला रंगीत काच कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता.

"पिवळी रोजची," तू सांगितलंस. "नारिंगी लावली का धूळ कमी दिसते, दूरचं साफ निंगते. हिरवी झाडाले अन् चेहऱ्याले. अन् लाल? लाल लावली का आभाळ काळंभोर होते मास्तर. अन् त्यावर ढग असे पांढरे निंगते का पाहतच राहावं."

"म्हणजे निळं आभाळ काळं दाखवायचं. याला आमच्या शाळेत खोटं बोलणं म्हणत."

"अन् तुमी खड्ड्याखाली प्रगती लिहिता, थे कोणती काच लावून लिहिता जी?"

इथून आपलं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं असं की काच फोटोत काही घालत नाही, काढून घेते. जास्तीचं जे आहे ते काढलं की दडलेलं दिसतं. माझं म्हणणं असं की काय जास्तीचं हे ठरवणारा तू कोण. या वादाचा निकाल लागला नाही. तू गेलास म्हणून तो माझ्या बाजूने लागला असंही मी समजत नाही.

वादात माझ्या बाजूने एकच साक्ष झाली, ती वहिनींची. लाल काचेची परीक्षा म्हणून तू त्यांना खुर्सीपारच्या तुमच्या झोपडीसमोर उभं केलंस. फोटो धुऊन आला. आभाळ काळंभोर, ढग पिंजलेल्या कापसासारखे आणि वहिनींचं कपाळ कोरं. लाल काचेतून लाल रंग उजळून नाहीसा होतो हे तुला चांगलं ठाऊक होतं. बायकोच्या कुंकवाचा रंग कोणता, हे त्या घाईत सुचलं नव्हतं.

"अजी, माह्यं कुंकू कुठी गेलं?" वहिनींनी विचारलं.

"थे काचेनं खाल्लं."

"तुमी जित्ते असून?"

त्या दिवशी तुला जेवण मिळालं नाही. मला मिळालं, कारण मी वहिनींच्या बाजूने होतो. जेवता जेवता मी तुला कलेतलं सत्य या विषयावर चार शब्द सांगितले. तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास.

पण फिल्टरांचा खरा वैरी वहिनी नव्हत्या आणि मीही नव्हतो. वैरी होती धूळ. लाल मुरमाची, सिमेंटची, कोळशाची. कागदात गुंडाळलेली काच संध्याकाळी उघडली की तिच्यावर ओरखडा. असल्या काचांसाठी पेट्या विकत मिळत असतील, पण मुंबई-कलकत्त्याला. सुपेल्याच्या बाजारात बैलांच्या घुंगरांपासून रशियन शब्दकोशापर्यंत सगळं मिळायचं, फक्त फिल्टर ठेवायची पेटी मिळायची नाही. मग तू ती घरी करायला बसलास.

पहिली केली वहिनींनी. चार कप्प्यांचा सुती बटवा. देखणा होता, पण कापडाचे तंतू काचेला चिकटत. त्या आठवड्याच्या फोटोत बांधकामातल्या चिमणीच्या टोकाला एक लांब केस उगवलेला दिसला. मी खाली 'काम प्रगतिपथावर' लिहिलं. कोणी काही विचारलं नाही.

मग तू पुठ्ठ्याची पाकिटं केलीस, कणकेच्या खळीने चिकटवलेली. खळ झुरळांनी खाल्ली, पुठ्ठा तुमच्या गळक्या छपराने.

मग लाकूड. यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्या सगळीकडे पडलेल्या असत. त्यातल्या एका फळीत तू करवतीने चार खाचा पाडल्यास आणि ताटाळ्यात ताटं लावावीत तशा काचा उभ्या लावल्यास. फळीवर अर्धं रशियन वाक्य छापलेलं होतं. त्याचा अर्थ 'ही बाजू वर' असा असावा, कारण तू ती उलटी धरली होतीस. हे ताटाळं घरात शोभलं. सायकलला बांधल्यावर मात्र काचा अशा खडखडू लागल्या की सुपेल्याच्या चौकापर्यंत पोचेस्तोवर हिरव्या काचेच्या कडेचा टवका उडाला. तिथून तू सायकल सोडून ताटाळं दोन्ही हातांत धरून चालत आलास. रस्त्यावरच्या एका म्हातारीने तुला हात जोडले, आत काहीतरी देवाचं असेल म्हणून.

आणि एका दुपारी, मी तंबाखू मळत असताना, तू माझ्या हाताकडे एकटक पाहू लागलास. माझ्या जर्द्याची चपटी गोल डबी. तू ती माझ्या हातातून घेतलीस, आतला जर्दा त्या आठवड्याच्या अहवालावर ओतलास आणि डबीत पिवळी काच ठेवलीस. चोहोबाजूंनी सूतभर जागा उरली.

"माझा जर्दा?" मी म्हटलं.

"जर्दा कशातबी राहते मास्तर. काच नाही राहत."

डबी एक आणि काचा चार. पुढचे दोन महिने मी तुझ्यासाठी डब्या रिकाम्या करत होतो. सकाळी कचेरीत शिरलो की तू विचारायचास, "कुठवर आली?" आणि मी झाकण उघडून दाखवायचो. तुझ्या कलेसाठी कोणी काय काय दिलं ते सभेत सविस्तर सांगण्यात आलं. मी दोन दाढा दिल्या, त्यांचा उल्लेख झाला नाही.

सूतभर जागा भरायला अस्तर हवं होतं. तंतू न सोडणारं, मऊ, दाट. तेव्हा आठवड्याला एक तरी उद्घाटन व्हायचं. फीत असायची, तबक असायचं, तबकात लाल मखमल आणि मखमलीवर कात्री. मखमल आमच्या व्यवस्थापक साहेबांनी खास नागपूरहून आणवली होती आणि तिची घडी ते स्वतः घालत. एका उद्घाटनानंतर तबक परत आलं, कात्री आली, मखमल आली नाही. चौकशी झाली. चौकशीचा कागद लिहायचं काम माझ्याकडेच आलं. समोर तू बसला होतास, ओठ दाबून, आणि तुझ्या खिशातून लाल मखमलीचा कोपरा जिभेसारखा बाहेर आला होता. मी लिहिलं, 'कार्य प्रगतिपथावर असताना मखमल वाऱ्याने गेली असावी.' इतक्या उद्घाटनांतून कोणाच्या उपयोगाची म्हणून एवढीच एक वस्तू निघाली, असं माझं अजूनही मत आहे.

मग तू झाकणांच्या कडेला कानशीने खाचा घातल्यास. एक खाच पिवळीला, दोन नारिंगीला, तीन लालला, चार हिरवीला. डोळा कॅमेऱ्यातून न हलवता अंगठ्याने ओळखता यावी म्हणून. घरी डब्या ठेवायला ताटाळ्याच्या खाचा रुंद केल्यास. वहिनींनी जुन्या तंबूच्या कापडाचा चार खिशांचा पट्टा शिवला. तो कमरेला बांधून तू कचेरीत आलास तेव्हा साहेबांनी विचारलं, "पोलिसात लागलास काय?" आणि नियम ठरले. काच पुसायची तर आधी फुंकर, मग सात वेळा धुतलेल्या धोतराचा तुकडा. बोट तर लावायचंच नाही. "मास्तर, तुमचा चुन्याचा अंगठा दूर ठेवा!" हे वाक्य मी त्या वर्षात माझ्या स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं.

आता तो दिवस.

दिल्लीहून पाहुणे येणार होते. साहेबांना एकच फोटो हवा होता आणि तो त्यांच्या मनात आधीच काढून झाला होता. मागे काळंभोर आभाळ, त्यावर पांढरे ढग, त्यात घुसलेली चिमणी, चिमणीखाली पाहुणे आणि पाहुण्यांच्या शेजारी साहेब. लाल काचेने पाहुण्यांचा टिळा पुसला जाईल, असं तू सांगून पाहिलंस. "टिळा जाऊ दे, आभाळ पाहिजे," साहेब म्हणाले. फोटो मनासारखा आला तर कारखान्याच्या स्वतःच्या छायाचित्र विभागात तुला घेण्यासाठी ते शिफारसपत्र देणार होते. पक्की नोकरी, पक्कं छप्पर, दारात नळ. वहिनींनी न पाहिलेल्या क्वार्टरमध्ये ताटाळं कुठल्या भिंतीला ठोकायचं तेही ठरवून टाकलं होतं.

हिवाळ्याची सकाळ होती. आभाळ निळंशार आणि साहेबांनीच मागवल्यासारखे चार ढग. कुंपणापाशी चहाच्या टपरीवर आपण बसलो. तू चारही डब्या बाकावर काढल्यास आणि एकेक पुसू लागलास. मी जर्दा मळायला माझी डबी काढली, चिमूट घेतली, तुला दिली आणि डबी बाकावर ठेवली.

आपल्या लोकांत तंबाखूच्या डबीला मालक नसतो. बाकावर डबी पडली की ज्याचा हात पोचेल त्याने उचलावी, चिमूट घ्यावी, शेजाऱ्याला द्यावी आणि उठताना ज्याच्या हाताला लागेल त्याने खिशात घालावी. ती उद्या-परवा आपोआप परत येते. अनोळखी माणसाचं नाव विचारायच्या आधी आपण डबी पुढे करतो. हा शिष्टाचार मेंदूपर्यंत जातच नाही, हातातल्या हातात राहतो.

साहेबांच्या जीपचा भोंगा वाजला. बाकावर पाच डब्या. मी एक उचलून खिशात टाकली, उरलेल्या चार तू पट्ट्यात कोंबल्यास आणि आपण धावलो.

तुला उंची हवी म्हणून तेलाच्या पिंपावर उभं केलं होतं, वाऱ्याच्या बाजूला. पाहुणे बोलले. मग साहेब बोलले, पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ. इतका वेळ की चारातले तीन ढग निघून गेले. चौथा चिमणीमागे आला तेव्हा साहेबांनी ठरलेली मान हलवली. तू डोळा कॅमेऱ्याला लावलास, तिसऱ्या खिशातून डबी काढलीस आणि घाईत खाचा न चाचपताच अंगठ्याने झाकण उडवलंस.

केवड्याचा वास असलेला उत्तम जर्दा होता तो. वाऱ्याने तो उचलला आणि थेट साहेबांच्या तोंडावर नेला.

ढग चालला होता म्हणून तू तसाच खटका दाबलास. फिल्मवर आलं ते असं. पाहुणे हसताहेत, त्यांचा टिळा जागच्या जागी आहे, शेजारी साहेबांचे डोळे मिटलेले आणि तोंड शिंकेने उघडलेलं. मागे आभाळ कोऱ्या कागदासारखं, कारण कॅमेऱ्याचं माप लाल काचेचं लावलेलं आणि काच नाही, म्हणून उजेड बेसुमार आत गेलेला. दुसऱ्या फोटोत पाहुणेही शिंकले. तो फोटो साहेबांनी स्वतःच्या हाताने फाडला.

"हा काय प्रकार आहे?" पाहुणे गेल्यावर साहेबांनी डोळे चोळत विचारलं.

"चूक माही आहे जी," तू पिंपावरून उतरत म्हणालास. "घरून भलती डबी आली. रिकामी समजून भरलेलीच उचलली."

मी तिथेच उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मला तेव्हा खरंच काही कळलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. कळलं ते कचेरीत, खुर्चीवर बसून अंगठ्यावर चुना घेऊन डबी उघडली तेव्हा. आत मखमलीवर लाल काच होती.

साहेब दहा पावलांवर, मोरीपाशी नाक धूत होते. उठून जायचं होतं आणि चार शब्द बोलायचे होते. माझीही नोकरी कच्चीच होती. मी मनाशी म्हटलं, आज ते रागात आहेत, उद्या सांगू. फोटोखालच्या ओळी लिहून लिहून माणूस स्वतःखालीही बरी ओळ लिहायला शिकतो.

शिफारसपत्र लिहिलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी डबी खिशात घालून खुर्सीपारला आलो, सांगायचं ठरवूनच आलो. आत पाऊल टाकलं तर तुमचं भांडण चाललेलं.

"पट्टा कोणं भरला होता? तूनं!" तू ओरडत होतास.

"मी कायले हात लावू तुमच्या काचाले? माह्यं कुंकू खाल्लं त्यायनं!"

"मंग डबी का उडून गेली?"

"मले काय विचारता! पिंपावर कोण चढलं होतं, मी का तुमी?"

वहिनींनी मला पाहून भाकरी टाकल्या. अंबाडीची भाजी होती. माझ्या घासाघासाला तुमचं भांडण वाढत होतं, आणि मी खाली मान घालून जेवत होतो. सांगायचं होतं, पण नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये हे तत्त्व मला नेमकं तेव्हा आठवलं. मग वहिनी पाण्याला गेल्या, तू हात धुवायला बाहेर गेलास, आणि मी डबी काढून ताटाळ्याच्या मागे सरकवली. थोडं थांबून ओरडलो, "अरे, ही काय! सापडली!"

तुम्ही दोघं धावत आलात. तू ताटाळ्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस.

"हाव," तू म्हणालास. "इथीच होती."

वहिनींनी चुलीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडताहेत असं मला वाटलं, आणि मी आणखी खाली मान घातली.

त्यानंतर दोन पावसाळे तुम्ही त्या गळक्या छपराखाली काढलेत. वहिनी सार्वजनिक नळावर घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या दिसल्या की मी रस्ता बदलायचो. पुढे तुझं काम पाहून कारखान्याने तुला घेतलं, शिफारशीवाचून. क्वार्टर मिळालं, ताटाळं भिंतीला लागलं. मीही पक्का झालो. जर्दा, वाद, चहा सगळं चालू राहिलं. वर्षातून दोनदा तरी मी "तुळशीराम, एक सांगायचं होतं" असं सुरू करायचो. तू "बोला ना जी" म्हणून कॅमेरा खाली ठेवायचास आणि इतक्या लक्षाने माझ्याकडे पाहायचास की मी हवापाण्याचं काहीतरी बोलायचो.

शेवटचं मी इस्पितळात सुरू केलं.

"तुळशीराम, एक सांगायचं होतं."

"आधी डबी काढा मास्तर."

"तुला मनाई आहे."

"खात नाही. वास तं घेऊ द्या."

तू डबी नाकाशी धरलीस, डोळे मिटलेस आणि हसलास. मला वाटलं, दमला आहे, उद्या सांगू. पुन्हा उद्याच. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा खाट रिकामी होती.

परवा वहिनींनी बोलावलं. टेबलावर तुझं ताटाळं ठेवलं होतं, चारही डब्या त्यात उभ्या. आधी त्यांनी एक जुना फोटो पुढे केला. काळं आभाळ, पांढरे ढग, कोरं कपाळ.

"पाहा भाऊजी," त्या म्हणाल्या. "यायनं तवाच काढून ठेवला होता." त्या हसल्या. मग हसू थांबलं. मी त्या वादात तुझ्याविरुद्ध साक्षीला हाच फोटो आणत असे. आता आणणार नाही.

मग त्यांनी तीन खाचांची डबी माझ्यासमोर ठेवली. "ही तुमची."

मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी ही डबी मी नेली होती."

दहा वर्षांचं ओझं आठ शब्दांत उतरलं. वहिनी पदराने ताटाळं पुसत होत्या.

"मालूम आहे जी."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. झाकण उघडल्या उघडल्या यायले समजलं. केवड्याचा वास अख्ख्या भिलाईत तुमच्याच जर्द्याले येते."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"म्हणे, माही नोकरी तं गेलीच, मास्तरची कावून घालवू?"

त्यांनाच आणखी सांगायचं होतं. "अन् थे भांडण तुमच्यासाठीच केलं. हे म्हणे, आपण भांडू, मास्तरले राहावणार नाही, थे बोलतेच. आमी दोघं भांडून भांडून थकलो जी. तुमी चार भाकरी खाल्ल्या. भाजी दोनदा घेतली."

"आणि मी सापडली म्हणालो तेव्हा?"

"ताटाळं मी तवाच धुऊन आत आणलं होतं. ओलंच होतं. तुमची डबी कोरडी ठणठणीत! मले हसू आवरेना, म्हणून चुलीकडे तोंड केलं."

त्यांनी डबी उघडली, काच उचलली आणि मखमलीखालून कागदाची एक बारकी पुडी काढली. तीत चिमूटभर जर्दा होता. त्या दिवशी साहेबांच्या तोंडावर उडून माझ्या डबीच्या तळाशी उरला तेवढा.

"मास्तर कबूल करन त्या दिवशी हा त्याले चारीन, म्हणत. दहा वर्षं ठेवला. दवाखान्यातून आले तवा म्हणे, आज झालंच होतं, थोडक्यात राहिलं. ज्या दिवशी गेले त्याच्या आदल्या दिवशीची गोठ आहे."

मी विचारलं, "दवाखान्यातून आले म्हणजे?"

"खाटेवरच म्हणाले थे. मीच आली जी घरी. थे कुठी येते आता." एवढं म्हणून त्या पाणी आणायला आत गेल्या, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

तर तुळशीराम, आपला वाद. तू म्हणायचास, काच जास्तीचं काढून घेते. त्या दिवशी पिंपावरून उतरता उतरता तू एक वाक्य बोललास आणि त्या फोटोतून मला अख्खा काढून घेतलंस, कुंकवासारखा, डागही न ठेवता. आणि मग दहा वर्षं वाट पाहिलीस की मी आपणहून उमटेन. हे खोटं होतं की खरं, मला ठरवता येत नाही. वाद तुझ्याकडे ठेव.

मात्र कबुली झाली आहे. वहिनींसमोर तोंडी झाली, इथे लेखी झाली. म्हणून हे लिहिता लिहिता ती पुडी सोडली, चुना घेतला, मळला आणि तोंडात टाकला. दहा वर्षांचा जर्दा कसा लागतो ते लिहीत नाही. शिक्षा योग्य आहे. वास मात्र थोडा अजून आहे.

मळताना डबी उघडीच राहिली होती, आणि हात विचारून काही करत नाही. लाल काचेवर माझा चुन्याचा अंगठा उमटला आहे, पूर्ण, रेघ न् रेघ. ओरडू नकोस. नियम ठाऊक आहेत. धोतराचा तुकडा वहिनींनी सोबत दिला आहे. पण आधी फुंकर, आणि तोंड भरलेलं आहे.

थांब जरा.